खाद्य-परिसरावर व्याख्यान द्यायचे आहे? आधी वस्ती पायी फिरा

विद्यापीठात जागतिक आरोग्यावर व्याख्यान ठेवले की बहुतेक वेळा तेच घडते. जगाचा नकाशा येतो, मधुमेह आणि लठ्ठपणाचे चढते आलेख येतात आणि लोकांनी आहाराबाबत जागरूक व्हायला हवे, एवढे सांगून वक्ता थांबतो. विद्यापीठाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत संध्याकाळी ७ नंतर भाजी मिळते की नाही, यावर तासाभरात एक वाक्यही निघत नाही. या लेखात दुसरा रस्ता सांगितला आहे: एका वस्तीच्या खाद्य-परिसराची नीट पाहणी करायची, निष्कर्ष आधी त्या वस्तीतल्या लोकांपुढे ठेवायचे आणि मग त्यावर व्याख्यान उभे करायचे.

पाहणीला जाणारे चार ते सहा जण, आकडेवारी सांभाळणारा एक आणि वस्तीतले एक-दोन जाणकार एवढ्या बळावर हे काम १० ते १२ आठवड्यांत होते. यातला मोठा वेळ परवानग्या आणि तयारीतच जातो. व्याख्यानाची तारीख तो धरूनच ठरवावी, नाहीतर घाईत पहिला बळी पडतो तो लोकांना निष्कर्ष दाखवण्याचा टप्पा, आणि तोच सगळ्यात मोलाचा असतो.

आधी शब्द नक्की करा

खाद्य-परिसर म्हणजे माणूस ज्या परिस्थितीत अन्न निवडतो, विकत घेतो, शिजवतो आणि खातो ती सगळी परिस्थिती. कॅरेन ग्लांझ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्याचे थर वेगळे करून मांडले. कुठे कोणती दुकाने आहेत आणि ती किती वेळ उघडी असतात हा एक थर. दुकानाच्या आत काय, किती, कोणत्या किमतीला आणि कुठल्या फळीवर ठेवले आहे हा दुसरा. शाळा, कचेरी, रुग्णालय अशा संस्थांमध्ये मिळणारे खाणे हा तिसरा. जाहिराती आणि माहितीचा थर या सगळ्यांवर पसरलेला. पुढे २०१८ मध्ये ख्रिस्तोफर टर्नर आणि सहकाऱ्यांनी, विशेषतः कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा विचार करून, बाहेरचा आणि व्यक्तीच्या बाजूचा असे दोन भाग पाडले. बाहेरच्या भागात उपलब्धता, किंमत, विक्रेते आणि मालाचे गुण, विक्रीचे डावपेच. व्यक्तीच्या भागात पोहोच, परवड, सोय आणि पसंती.

दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष झाले की पाहणी फसते. दुकान ३०० मीटरवर आहे एवढे नकाशा सांगतो. पण घरी परतायला रात्रीचे ८ वाजतात, घरात फ्रिज नाही, एकच शेगडी आहे, इंधन पुरवून वापरावे लागते, हे नकाशावर दिसत नाही. अंतर मोजणे सोपे असते म्हणून सगळे अंतरच मोजतात. पेन्चान्स्की आणि थॉमस यांनी १९८१ मध्ये आरोग्यसेवेसाठी पाच कसोट्या सांगितल्या होत्या: सेवा पुरेशी आहे का, पोहोचता येते का, वेळापत्रक माणसाच्या दिवसाशी जुळते का, परवडते का आणि मनाला पटते का. अन्नालाही त्या चपखल लागू पडतात. पाहणीच्या फॉर्ममध्ये या पाचांपैकी प्रत्येकीसाठी किमान एक प्रश्न आहे ना, हे फॉर्म छापण्याआधी तपासा.

‘अन्नाचे वाळवंट’ हा शब्द मात्र जपून वापरा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो स्कॉटलंडमधून पुढे आला आणि आता कोणत्याही गरीब वस्तीला सर्रास चिकटवला जातो. पुष्कळ वस्त्यांत खाद्यविक्री भरपूर असते, पण त्यात गोड पेये, तळलेले आणि पाकीटबंद पदार्थ यांचाच भरणा असतो. त्यासाठी ‘अन्नाची दलदल’ असा वेगळा शब्द आहे. आपल्या वस्तीत यातले काय आहे हे पाहणीनंतरच बोलावे. शिवाय आपण राहतो त्या जागेला वाळवंट म्हटलेले कोणालाही आवडत नाही.

एकच प्रश्न, तोही लहान

‘या वस्तीतला आहार कसा आहे?’ हा पाहणीचा प्रश्न होऊ शकत नाही. ‘संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत, घरापासून पायी १० मिनिटांच्या आत, किती घरांना तीन प्रकारची ताजी भाजी विकत मिळू शकते?’ हा होऊ शकतो. प्रश्नात वेळ, अंतर, पदार्थ आणि माणसे या चारही गोष्टी ठरलेल्या हव्यात. हा प्रश्न वस्तीतल्या जाणकारांबरोबर बसून ठरवा. त्यांना खुपणारी गोष्ट बऱ्याचदा आपल्या यादीत नसते: पाणी, सुटे पैसे, उधारी देणारा दुकानदार, रात्रीच्या रस्त्यावरचा अंधार.

याच वेळी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज करा. फक्त दुकानांची बाहेरून नोंद करायची असली तरी समितीला विचारलेले बरे. घरोघरी प्रश्न विचारायचे असतील तर मंजुरीशिवाय एकही फॉर्म भरू नका.

हद्द आखताना

प्रशासकीय वॉर्डाची रेषा घेतली की काम सोपे होते आणि उत्तर चुकते. रेषेच्या काठावर राहणारा माणूस पलीकडच्या गल्लीतून खरेदी करतो, पण तुमच्या नकाशात ती गल्लीच नसते. म्हणून वस्तीच्या हद्दीबाहेर सर्व बाजूंनी किमान ८०० मीटरचा पट्टा घ्या आणि त्यातल्या दुकानांचीही नोंद करा. निष्कर्ष फक्त आतल्या घरांबद्दल काढा.

पायी चालण्याचा वेग मिनिटाला ८० मीटर धरतात. त्या हिशेबाने ४०० मीटर म्हणजे ५ मिनिटे आणि ८०० मीटर म्हणजे १० मिनिटे. हा निरोगी, मोकळ्या हाताने सपाट रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. म्हातारी व्यक्ती, कडेवर मूल घेतलेली बाई, १० किलोची पिशवी घेऊन परतणारा माणूस यांना तेच अंतर पुष्कळ जास्त वेळ घेते. म्हणून चार-पाच ठरावीक घरांपासून दुकानापर्यंत आणि भरलेल्या पिशवीसह परत असे प्रत्यक्ष चालून, घड्याळ लावून बघा. अंतर सरळ रेषेत नको, रस्त्याने मोजा. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा उंच भिंत आली की नकाशावरचे २०० मीटर पायांना एक किलोमीटर होऊ शकतात.

विक्रेत्यांची यादी कागदावरून नव्हे, रस्त्यावरून

परवान्यांची यादी, ऑनलाइन नकाशे, व्यवसायांची सूची हे सगळे सुरुवातीला गोळा करा, पण त्यावर विसंबू नका. बंद पडलेली दुकाने यादीत राहतात, नवी येत नाहीत आणि हातगाडी, टोपली, फूटपाथ यांवरची विक्री तर बहुधा कुठेच नोंदलेली नसते. अनेक वस्त्यांत ताज्या मालाची विक्री याच लोकांच्या हातात असते. ते गळले की वस्तीचे चित्र प्रत्यक्षापेक्षा भकास दिसते आणि त्यांना हटवण्याचा निर्णय कोणी घेतला तर त्याला विरोध करायला तुमच्याकडे आकडा नसतो.

उपाय एकच. दोघा-दोघांच्या जोडीने प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजू पायी चालायच्या. एका जोडीला दिवसाला साधारण दोन-तीन तासांचाच पट्टा द्या, त्यापुढे नजर थकते आणि नोंदी सुटू लागतात. प्रत्येक रस्ता किमान तीन वेळा: कामाच्या दिवशी सकाळी, कामाच्या दिवशी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एकदा; आठवडी बाजार भरत असेल तर त्या दिवशी चौथ्यांदा. एकदाच फिरून काढलेली यादी म्हणजे त्या तासाचा फोटो.

नोंदीसाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही फोनवर फॉर्म भरायची साधने चालतात. दोन्ही इंटरनेट नसतानाही फॉर्म भरून घेतात. जीपीएसची नोंद दुकानाच्या दारात उभे राहून घ्या, मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण ५ मीटर असते. उंच इमारतींच्या बोळात ती खूप बिघडते, म्हणून फोन दाखवत असलेला अचूकतेचा आकडाही फॉर्ममध्ये साठवा आणि तो १५ मीटरच्या वर गेला तर पुन्हा नोंद घ्या. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर पाच अंक पुरेत. पाचवा अंक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १.१ मीटर.

दुकानाच्या आत

दुकानदाराला आधी भेटा. आपण तपासनीस नाही, दुकानाचे नाव कुठेही छापले जाणार नाही, नकार दिला तरी चालेल, हे तीन मुद्दे स्पष्ट सांगा. गर्दीच्या वेळी आत शिरू नका. माणसांचे फोटो काढू नका.

आत मोजायच्या गोष्टी थोड्या ठेवा. ताज्या फळांचे आणि भाज्यांचे प्रकार किती, त्यांची स्थिती काय, कडधान्ये आहेत का, साधे पाणी विकायला आहे का, गोड पेये किती प्रकारची. त्याखेरीज फळीची लांबी टेपने मोजा. पद्धत अशी: फळीची समोरची लांबी मीटरमध्ये, गुणिले किती फळ्या. गोड पेयांची १.२ मीटर लांबीची चार फळ्यांची कपाटे दोन असतील तर १.२ × ४ × २ म्हणजे ९.६ मीटर. भाज्यांचे एकच १.५ मीटरचे टेबल असेल तर १.५ मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुकान ‘आरोग्यदायी’ की ‘अनारोग्यदायी’ या वादाची गरज उरत नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय आहे आणि पैसे द्यायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर काय आहे, याची वेगळी नोंद घ्या. खरेदी संपताना, रांगेत उभे असताना उचललेल्या वस्तू ठरवून आणलेल्या यादीत नसतात.

किमतीची नोंद हा सगळ्यात चुकांचा भाग. नेहमीचे घोटाळे असे: कोणी पाकिटाची किंमत लिहितो, कोणी किलोची, कोणी सवलतीचा भाव धरतो, कोणी मूळ, नगावर विकलेल्या वस्तूचे वजनच नसते. नियम घालून द्या. छापील किंवा सांगितलेला भाव, विक्रीचे एकक आणि त्या एककाचे ग्रॅममधले वजन असे तीन वेगळे रकाने. सवलत चौथ्या रकान्यात. नगावर विकली जाणारी वस्तू तीन नग खिशातल्या काट्यावर तोलून सरासरी लिहा. सर्वांत लहान पाकिटाचा भाव आवर्जून घ्या. रोजच्या मजुरीवर जगणारे घर तेच पाकीट घेते आणि प्रति ग्रॅम जास्त पैसे मोजते.

पूर्ण ताटाची किंमत

सुट्या भावांपेक्षा सकस आहाराच्या एका दिवसाची किंमत काढली तर ती सभागृहात लगेच पोहोचते. जागतिक अहवालांत वापरली जाणारी ‘आरोग्यदायी आहाराची टोपली’ २,३३० किलोकॅलरीची आहे आणि तिच्यात सहा गट आहेत: पिष्टमय मुख्य अन्न १,१६० किलोकॅलरी (दोन पदार्थ), प्राणिजन्य अन्न ३०० (दोन), डाळी-कडधान्ये, शेंगदाण्यासारखी कठीण फळे व बिया ३०० (एक), भाज्या ११० (तीन), फळे १६० (दोन), तेल आणि स्निग्ध पदार्थ ३०० (एक). म्हणजे एकूण अकरा पदार्थ. प्रत्येक गटात, त्या दिवशी त्या वस्तीत, किलोकॅलरीमागे सर्वांत स्वस्त पडणारे पदार्थ निवडायचे.

एका फळाचा हिशेब करून बघू. साल आणि बी ३० टक्के जात असेल तर विकत घेतलेल्या १ किलोतून ७०० ग्रॅम खाण्याजोगे निघते. १०० ग्रॅमला ६० किलोकॅलरी धरल्या तर ७०० ग्रॅमला ४२०. फळांचा वाटा १६० आणि पदार्थ दोन, म्हणजे या फळाच्या वाट्याला ८०. ८० भागिले ४२० म्हणजे ०.१९, अर्थात सुमारे १९० ग्रॅम विकत घ्यावे लागते. किलोचा भाव गुणिले ०.१९, ही त्या फळाची दिवसाची किंमत. साल-बियांचा भाग वजा करायचा राहिला तर ताट कागदावर स्वस्त होते आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक नव्या गटाकडून होते. निवडीतही अडतात: एखाद्या पदार्थाची किंमत सर्वांत कमी असते, पण वस्तीत तो कोणी खातच नाही. यादी अंतिम करण्याआधी चार घरच्या स्वयंपाक करणाऱ्या माणसांना ती दाखवा.

आलेली किंमत घरातल्या माणसांनी गुणा आणि वस्तीतल्या सर्वांत कमी मजुरीच्या किती तासांत ती भरून निघते ते मांडा. आयाबायांना टक्केवारीपेक्षा ‘कामाचे तास’ चटकन कळतात, प्राध्यापकांनाही.

दोघांची नजर जुळते का?

प्रशिक्षणाला दोन दिवस द्या: एक वर्गात, एक प्रत्यक्ष दुकानांत. त्यानंतर तीच ५० दुकाने दोघांना स्वतंत्रपणे तपासायला पाठवा. समजा, ‘ताजी फळे आहेत का’ या प्रश्नावर दोघेही २५ ठिकाणी ‘हो’ म्हणाले, १७ ठिकाणी दोघेही ‘नाही’ म्हणाले, ५ ठिकाणी फक्त पहिला ‘हो’ आणि ३ ठिकाणी फक्त दुसरा ‘हो’ म्हणाला. एकमत ५० पैकी ४२, म्हणजे ०.८४. पण काही एकमत योगायोगानेही होते. पहिल्याचे ‘हो’ ६० टक्के, दुसऱ्याचे ५६ टक्के. योगायोगाचे एकमत ०.६० × ०.५६ अधिक ०.४० × ०.४४ म्हणजे ०.५१२. योगायोग वगळून उरलेले एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कप्पा, (०.८४ − ०.५१२) ÷ (१ − ०.५१२), म्हणजे ०.६७. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या प्रचलित पट्टीवर ०.६१ ते ०.८० हे चांगले एकमत. त्याखाली गेलात तर पाहणीकारांना दोष देण्याआधी प्रश्नाकडे बघा. बहुतेकदा व्याख्याच ढिली असते. ‘ताजी’ म्हणजे काय? ‘विक्रीसाठी मांडलेली, किमान तीन प्रकारची, निम्म्याहून जास्त माल डाग किंवा सुरकुती नसलेला’ अशी व्याख्या दिली की वाद मिटतो.

घराच्या उंबरठ्यावर

दुकानांची पाहणी अन्न कुठे आहे ते सांगते. ते ताटात येते का, हे घरातच कळते. घरांची संख्या ठरवताना साधा हिशेब: ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±१० टक्के चूक चालणार असेल तर ९६ घरे लागतात. घरे एकेकटी न निवडता गटांनी निवडणार असाल तर एका गटातली घरे बरीच सारखी निघतात, म्हणून १.५ ने गुणा, १४४ होतात. दहापैकी एक घर बंद असेल किंवा नकार देईल असे धरले तर १६० घरांवर जावे लागते. बंद घराऐवजी शेजारचे घर घेऊ नका. दिवसा बंद असणारी घरे म्हणजे बहुधा सगळे कामाला जाणारी घरे, आणि वेळेची अडचण त्यांनाच सर्वांत जास्त. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, एकूण तीनदा जा.

अन्न-असुरक्षिततेसाठी अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची पट्टी जगभर वापरली जाते. तिची वाक्ये मनाने बदलू नका. भाषांतर केले असेल तर दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून पडताळा. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या आहारातील विविधतेसाठी दहा अन्नगटांची पद्धत आहे: आदल्या दिवशी आणि रात्री त्यांपैकी किमान पाच गट खाल्ले होते का? त्यासोबत स्वतःचे मोजकेच प्रश्न जोडा. शेवटची ताजी भाजी कुठून, किती वाजता, कशी आणली? घरी थंड ठेवायची सोय आहे? शिजवायला किती वेळ मिळतो? एका घरात २० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. ‘दिवसभर जेवणच मिळाले नाही’ असे उत्तर आले तर काय करायचे, कुठे जोडून द्यायचे, हे पाहणी सुरू होण्याआधी लिहून ठेवा. नुसते टिक करून उठणे योग्य नाही.

नकाशा आणि त्याचे सापळे

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरेसे आहे. पहिलीच चूक ठरलेली असते: जीपीएसच्या नोंदी अंशांत असतात (सॉफ्टवेअरमध्ये या पद्धतीचा क्रमांक ईपीएसजी ४३२६), आणि दुकानाभोवती ४०० चा वर्तुळपट्टा काढला की संगणक ४०० मीटर न धरता ४०० अंश धरतो. आधी नकाशाचा थर तुमच्या भागाच्या यूटीएम प्रक्षेपात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदला, मग मीटरमध्ये काम करा. दुकान समुद्रात किंवा भलत्याच खंडावर दिसत असेल तर अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे झालेले आहेत.

‘आरोग्यदायी विक्रेते भागिले एकूण विक्रेते’ असा एक निर्देशांक वापरात आहे. हवा तर काढा, पण त्यावर व्याख्यान उभे करू नका. त्यात मोठी मंडई आणि एक टोपली दोन्ही ‘एक’ मोजल्या जातात, आणि जिथे काहीच विक्री नाही तिथे भाजकच शून्य होतो.

त्यापेक्षा घड्याळाचा नकाशा काढा. तीच वस्ती, तीच मापपट्टी, दोन चित्रे: सकाळी १० वाजता उघडी असलेली ताज्या मालाची ठिकाणे आणि रात्री ९ वाजता उघडी असलेली. दोन्हींवर घरांचे ठिपके नकोत, फक्त १० मिनिटांच्या पायी अंतरात येणारा भाग रंगवा. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेकांना ती वेगळी दिसत नाही. निळा आणि नारिंगी घ्या. दोन नकाशांमध्ये रंगीत भाग किती आक्रसला ते टक्क्यांत लिहा. कामावरून उशिरा परतणाऱ्या माणसाची अडचण या एका चित्रात दिसते. ज्या १६० घरांवर गेलात त्यांचे नेमके ठिकाण कधीही छापू नका.

व्याख्यानाआधी वस्तीत

नकाशे मोठ्या कागदावर छापून वस्तीतच, लोकांच्या सोयीच्या वेळी मांडा. तीन प्रश्न विचारा: काय चुकले आहे, काय राहिले आहे, आणि यातले काय बाहेर सांगू नये असे तुम्हाला वाटते? तिसरा प्रश्न टाळू नका. पदपथावरच्या विक्रेत्यांचा अचूक नकाशा त्यांना उठवणाऱ्यांच्याही हाती पडू शकतो. अशा वेळी ठिपक्यांऐवजी गल्लीनिहाय संख्या द्या. वस्तीतला जो माणूस नकाशावर बोट ठेवून ‘हे दुकान सहा महिने बंद आहे’ असे सांगतो, त्याला व्याख्यानाच्या मंचावर बोलायला बोलवा आणि त्या वेळेचे मानधन द्या, जसे बाहेरच्या तज्ज्ञाला देता तसेच.

मंचावरची साठ मिनिटे

बोलणे ४० मिनिटे, प्रश्नोत्तरे २०. पहिल्या ५ मिनिटांत घड्याळाचा नकाशा. जगाचा नकाशा नंतर. पुढची १५ मिनिटे पाहणी आणि ताटाची किंमत, १० मिनिटे वस्तीतल्या वक्त्याची, उरलेली १० जागतिक अनुभवाची. स्लाइड १५ हून जास्त नकोत, एका स्लाइडवर एकच आकडा.

जागतिक भागात आपल्या बाजूचाच पुरावा मांडू नका. फिलाडेल्फियातील एका वस्तीत नवे सुपरमार्केट उघडल्यानंतरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना अन्न जवळ आल्याचे जाणवले, पण फळे-भाज्यांचे सेवन किंवा वजन बदलले नाही. अमेरिकेतल्याच २०१९ च्या एका मोठ्या अर्थशास्त्रीय अभ्यासाचा हिशेब असा की गरीब घरांना श्रीमंतांइतकीच उत्पादने त्याच किमतींत मिळाली तरी पोषणातली दरी सुमारे १० टक्केच कमी होईल. याचा अर्थ परिसराला महत्त्व नाही असा होत नाही. दुकान जवळ आणणे हा परिसराचा एकच, आणि त्यातला दुबळा, तुकडा आहे. किंमत, जाहिरात, लेबल, कामाचे तास, मालाची घडण हे तुकडे उरतातच. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. चिलीत जून २०१६ पासून जास्त साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश आणि ऊर्जा असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे आले आणि तसे पदार्थ शाळांमध्ये विकायला बंदी झाली. डेन्मार्कने २००३ मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक स्निग्धांशावर) १०० ग्रॅम स्निग्धांशामागे २ ग्रॅमची मर्यादा घातली. या शेवटच्या उदाहरणावर थोडा वेळ थांबा: तिथे ग्राहकाला काहीच वाचावे किंवा ठरवावे लागले नाही, वस्तूच बदलली. जागृतीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना द्यायला याहून चांगले उत्तर नाही.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो: ‘लोकांना हेच आवडते, त्याला कोण काय करणार?’ चिडू नका. आवड ही रोज समोर दिसणाऱ्या, परवडणाऱ्या आणि वेळेत बसणाऱ्या गोष्टींतून घडते, एवढे म्हणा आणि फळीच्या लांबीची स्लाइड परत लावा. दुसरा प्रश्न: ‘यामुळेच इथे मधुमेह वाढला का?’ इथे स्पष्ट नाही म्हणा. एका वेळच्या पाहणीतून परिस्थिती दिसते, कारण सिद्ध होत नाही.

सभागृहाची व्यवस्था

वेळ वस्तीतल्या लोकांना विचारून ठेवा. दुपारी ३ ची वेळ फक्त विद्यापीठाला सोयीची असते. लहान मुलांसाठी शेजारची एक खोली आणि सांभाळणारी दोन माणसे असली तर आया येतात. माइक श्रोत्यांत फिरता ठेवा आणि पहिले तीन प्रश्न विद्यापीठाबाहेरच्या लोकांचे घ्या, नाहीतर प्राध्यापकांची भाषणे सुरू होतात.

खर्चासाठी खाद्य किंवा पेय कंपनीचे प्रायोजकत्व घेऊ नका, छोटेसेही नाही. घेतले तर तुमच्या प्रत्येक आकड्याकडे लोक त्या नजरेने बघतील. बाहेरच्या टेबलावर पाण्याचे पिंप आणि कापलेली फळे ठेवा. साखरेची पेये तिथे मांडलेली असतील तर आतली ४० मिनिटे कोणी मनावर घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मुक्त साखर (वरून घातलेली आणि मध, फळांचा रस यांतली) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, ठेवण्याची आहे. २,००० किलोकॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर असलेल्या पेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ती पुरी होते.

दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पान असू द्या: घड्याळाचा नकाशा, ताटाची किंमत कामाच्या तासांत, आणि संपर्काची जागा. आकडेवारी घरांची ओळख काढून दोन आठवड्यांच्या आत खुली करा, सोबत फॉर्म आणि व्याख्यांची पुस्तिकाही. आणि दुसऱ्या हंगामातल्या पाहणीची तारीख त्याच सभागृहात जाहीर करा. ताज्या मालाचे प्रकार आणि भाव हंगामागणिक फिरतात, त्यामुळे एका हंगामाचे आकडे वर्षाचे म्हणून सांगता येत नाहीत. दुसऱ्या फेरीला तेच रस्ते, त्याच वेळा आणि शक्यतो तीच माणसे ठेवा. व्याख्या बदलावीशी वाटली तर जुन्या आणि नव्या दोन्ही व्याख्यांचे रकाने भरा, म्हणजे दोन्ही फेऱ्यांची तुलना करता येईल.